गोळीचा दुसरा प्रवास

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. पण बीड जिल्ह्यातील माणसाला नवरात्र म्हटले की तलवाड्याची त्वरितादेवी आठवते. देवीच्या दर्शनाला गर्दी होते आणि गर्दीमागोमाग दुकाने येतात. बांगड्या, रेवड्या, पाळणे आणि या सर्वांत पोरासोरांचे आवडते म्हणजे फुगे फोडण्याच्या बंदुकीचे दुकान. एक उभी फळी, तिच्यावर रांगेने टाचलेले रंगीत फुगे, समोर एक बाक आणि बाकावर दोन जुनाट हवाई बंदुका, एवढाच त्याचा पसारा.

काही वर्षांपूर्वी अशाच एका दुकानापुढे मी उभा होतो. सातवी-आठवीतल्या एका मुलाने नेम धरून चाप ओढला. फुगा फुटला नाही. 'टिंग' असा बारीक आवाज मात्र झाला आणि त्याच क्षणी शेजारच्या रेवडीवाल्याने गालाला हात लावला. फळी दुभंगू नये म्हणून मागे ठोकलेल्या पत्र्याच्या पट्टीवर छर्रा आपटला होता आणि तेथून वळून या माणसाच्या गालापर्यंत आला होता. गालावर मसुराएवढा लाल डाग उमटला. दुकानदार हसला, रेवडीवालाही हसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाने बंदूक उचलली. दोन बोटे वर लागला असता, तर त्या माणसाचा डोळा गेला असता. एवढा साधा हिशेब त्या गर्दीत कोणी केल्याचे दिसले नाही. मीही त्या वेळी काही बोललो नाही, याची खंत आजही वाटते.

ही घटना क्षुल्लक आहे, हे मान्य. परंतु ज्या नियमाने तो छर्रा परतला, त्याच नियमाने रायफलीची गोळीही परतते, वळते, उसळते आणि जिच्याकडे कोणी नेम धरलेला नव्हता अशा व्यक्तीपर्यंत जाऊन पोहोचते. बंदुकीविषयी आपल्या समाजात जेवढे कुतूहल आहे, त्याच्या शतांशानेही गोळीच्या या दुसऱ्या प्रवासाविषयी नाही. नेम लागला की नाही, येथेच आपले लक्ष संपते. वस्तुत: धोक्याची खरी कथा अनेकदा तेथून पुढे सुरू होते.

ठिकरीचे टप्पे

ओढ्याच्या किंवा तळ्याच्या काठी ज्याचे बालपण गेले, त्याला हे शास्त्र शिकवावे लागत नाही. चपटी ठिकरी पाण्यावर उभी टाकली तर बुडते; तीच तिरपी, पाण्याला जवळजवळ समांतर फेकली, तर टप्पे खात पलीकडच्या काठाला लागते. फ्रेंच भाषेत अशा उसळत्या टप्प्यांना 'रिकोशे' म्हणतात आणि तोच शब्द पुढे युद्धशास्त्रात रूढ झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस वोबाँ या फ्रेंच सेनानी-अभियंत्याने तोफेत दारू कमी भरून गोळा मुद्दाम तटामागे टप्पे खात जाईल असा मारा सुरू केला. १६९७ मधील आथच्या वेढ्यात या युक्तीने मोठे काम केले. दुसऱ्या महायुद्धात, मे १९४३ मध्ये, बार्न्स वॉलिस या इंग्रज अभियंत्याने जलाशयावर टप्पे खात धरणाच्या भिंतीपर्यंत जाणारा बॉम्ब घडवला आणि त्याने जर्मनीतील मोहने व एडर ही धरणे फोडली. मुलांचा खेळ, वेढ्याची युक्ती आणि धरणफोडीचा बॉम्ब या तिन्हींच्या मुळाशी एकच तत्त्व आहे.

दारूगोळ्याचा इतिहास आपल्या भागाला परका नाही. याच गेवराई तालुक्यात गोदाकाठच्या राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. त्या काळचे भरीव गोळे जमिनीवर पडले तरी थांबत नसत. कठीण माळावर ते उसळत, गडगडत जात आणि वाटेत येईल त्याला लोळवत. घरंगळणारा गोळा मंद दिसला, तरी त्याला पाय लावू नये, हे तोफखान्यातील माणसांना पक्के ठाऊक असे. पुढे गोळा लहान झाला, वेग वाढला, गोळी डोळ्यांना दिसेनाशी झाली आणि त्याबरोबर हे शहाणपणही दिसेनासे झाले.

गोळीच्या बाबतीत निर्णायक गोष्ट म्हणजे कोन. पृष्ठभागाशी होणारा कोन मोठा असेल तर गोळी रुतते किंवा फुटते. तो एका मर्यादेहून लहान असेल तर ती उसळते. पाण्याच्या बाबतीत ही मर्यादा जेमतेम पाच-सात अंशांची आहे. दगड, काँक्रीट, पोलाद यांच्या बाबतीत ती पुष्कळच मोठी असते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रकाशाचा किरण आरशावरून ज्या कोनाने येतो त्याच कोनाने परततो, असे आपण शाळेत शिकतो आणि गोळीलाही तोच नियम लावतो. गोळी तो पाळत नाही. कठीण पृष्ठभागावर तिरपी आपटलेली गोळी आली त्याहून लहान कोनाने निघते आणि भिंतीला लगटून धावते. मऊ माती किंवा वाळूवरून उसळलेली गोळी उलट अधिक उंच उडू शकते. त्यातच तिचा आकार बिघडलेला असतो. नळीतील पेचांमुळे मिळालेली फिरकी तिला सरळ ठेवत होती. ते स्थैर्य गेल्यामुळे ती हवेत कोलांट्या खाऊ लागते. उसळलेल्या गोळीची जी विचित्र शीळ ऐकू येते, ती या कोलांट्यांची. तिचा वेग घटतो खरा. पण मनुष्याच्या शरीराला इजा करण्यापुरता तो बहुधा शिल्लक राहतो.

किती शिल्लक राहतो, हे समजण्यासाठी मूळ आकडे पाहावेत. राष्ट्रीय छात्रसेनेत वापरली जाणारी पॉइंट टू-टू रायफल ही लहान समजली जाते. तिच्या गोळीचे वजन सुमारे अडीच ग्रॅम, म्हणजे चिमूटभर. ती नळीतून बाहेर पडते ध्वनीच्या वेगाच्या आसपास, सेकंदाला सुमारे ३३० मीटर. छात्रांचे लक्ष्य साधारण २५ मीटरवर असते. परंतु अडवले नाही तर हीच गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. लष्करी रायफलीच्या बाबतीत हे अंतर तीन किलोमीटरहून अधिक भरते. म्हणजे लक्ष्य जेथे आहे त्याच्या कितीतरी पट पुढपर्यंत गोळीचा अंमल चालतो आणि त्या टापूत कोण राहते, कोण कापूस वेचते, कोण गुरे राखते, याचा विचार चाप ओढण्यापूर्वी करावा लागतो.

डोंगराचा खोटा आधार

चांदमारी हा आपल्याकडचा जुना शब्द. लक्ष्याच्या मध्यावरचा वर्तुळाकार 'चांद' मारायचा, म्हणून चांदमारी. जुन्या छावण्यांच्या गावांत आजही या नावाच्या जागा आहेत. पुण्यात गोळीबार मैदान आहे, मुंबईत सांताक्रूझला गोळीबार नावाची वस्तीच आहे. ही नावे एक गोष्ट सांगतात. जेथे एके काळी गावाबाहेर गोळ्या झाडल्या जात, तेथे आज माणसे राहतात. मैदान जागचे हलत नाही. गाव मात्र त्याच्याकडे सरकत येते. ज्या वेळी जागा ठरवली त्या वेळी ती निर्धोक होती, एवढ्यावर कोणत्याही चांदमारीला कायमचे अभय देता येत नाही.

चांदमारीची जागा निवडताना आपल्याकडे एक ठराविक वाक्य ऐकू येते: 'मागे डोंगर आहे, मग भीती कसली?' बालाघाटाच्या रांगांच्या कुशीत वाढलेल्या आपल्या जिल्ह्यात तर हे वाक्य सहज पटते. परंतु आपला डोंगर कशाचा आहे? काळ्या कातळाचा. वर मुरमाचा पातळ थर, त्यात गोटे आणि खाली बसाल्टचा पाषाण. गोळी थांबवण्यासाठी याहून वाईट पृष्ठभाग शोधूनही सापडणार नाही. प्रत्येक गोटा हा लहानसा उतरता आरसा. कोणता कोणत्या दिशेला तोंड करून बसला आहे हे देवालाच ठाऊक. उन्हाळ्यात तडकून घट्ट झालेली आपली काळी जमीनही पावसाळ्यातल्या मऊ जमिनीसारखी वागत नाही. डोंगर गोळी अडवतो, हा समज अर्धाच खरा आहे. डोंगर गोळीचा रस्ता बदलतो, असे म्हणणे अधिक बरोबर.

म्हणूनच ज्यांना या विषयाचे ज्ञान आहे, ते डोंगरावर विसंबत नाहीत. ते मातीचा दमदमा बांधतात. या दमदम्याचे शास्त्र गहन नाही. मात्र ते नेटाने पाळावे लागते. त्याचा गोळीकडचा चढ उभा हवा, म्हणजे गोळी तिरपी न आपटता सरळ रुतेल. त्यातली माती किंवा वाळू चाळून घेतलेली हवी, खडा राहता कामा नये. एवढे केल्यावर लोक निश्चिंत होतात आणि नेमकी येथेच चूक होते. पहिल्या दोन पावसाळ्यांत चढाची माती खाली वाहते, उभा चढ उतरता होतो आणि गोळी उसळायला अनुकूल कोन आपोआप तयार होतो. दुसरे असे की, नेमबाज जितके चांगले, तितक्या त्यांच्या गोळ्या एकाच जागी रुततात. कालांतराने तेथे शिशाचा गठ्ठा जमतो आणि नवी गोळी मातीवर न आपटता जुन्या गोळ्यांवर आपटते. म्हणून ठराविक काळाने दमदमा खणून, शिसे वेगळे काढून, माती पुन्हा रचावी लागते. विहीर एकदा खणली की झाले, असे शेतकरी मानत नाही. गाळ काढावाच लागतो. दमदम्याचेही तसेच.

याखेरीज बाजूच्या भिंती, वरून निसटणारी गोळी अडवणारे आडोसे, पोलादी लक्ष्य असेल तर ते पुढे झुकवून आणि पुरेशा अंतरावर बसवणे, खड्डे पडलेले पत्रे तत्काळ बदलणे, नेमबाजाच्या आणि जवळ उभ्या असणाऱ्यांच्या डोळ्यांवर चष्मा, धोक्याच्या हद्दीवर लाल निशाण आणि पहारेकरी, सर्व हुकूम एकाच व्यक्तीचे आणि 'थांबा' असे ओरडण्याचा अधिकार मात्र प्रत्येकाला, अशी ही नियमांची यादी आहे. यातला एकही नियम महागड्या यंत्राची मागणी करीत नाही. तो मागतो माती, फावडे आणि शिस्त. पहिल्या दोन गोष्टी आपल्याकडे मुबलक आहेत.

भिंतीपलीकडची माणसे

नियम ढिले पडले की काय होते, याची उदाहरणे दूरची नाहीत. २०१३ मध्ये पुण्यात छात्रसेनेच्या गोळीबार सरावाच्या वेळी एका शाळकरी मुलाच्या डोक्यात गोळी लागली आणि पुढे तो वाचू शकला नाही. देशसेवेचे पहिले धडे घ्यायला गेलेला मुलगा सरावाच्या जागेवरून घरी परतला नाही, यापेक्षा अधिक काय सांगावे? डिसेंबर २०२१ च्या अखेरीस तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात, नार्थामलईजवळच्या गोळीबार मैदानावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा सराव चालू असताना सुटलेली एक गोळी अकरा वर्षांच्या मुलाला लागली. तो मैदानावर नव्हता. आजोबांच्या घरी होता. काही दिवसांनी, जानेवारी २०२२ मध्ये, त्याचा मृत्यू झाला. त्या मुलाने कोणता नियम मोडला होता? ज्या धोक्याची त्याला खबरही नव्हती, त्याची किंमत त्याने मोजली.

तोफा आणि रणगाडे यांच्या सरावाचा प्रश्न आणखी मोठा. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, खारे-कर्जुने परिसरात लष्कराची के. के. रेंज आहे. चिलखती दलाच्या शिक्षणासाठी तिची गरज आहे, हे कोणीही समंजस नागरिक नाकारणार नाही. परंतु न फुटलेले गोळे आणि त्यांचे धातूचे भंगार हे तिथल्या गरिबांसाठी आमिषही आहे आणि मृत्यूही. भंगार वेचताना किंवा गोळा फोडून पितळ काढताना माणसे दगावल्याच्या घटना तेथे घडल्या आहेत. उसळलेली गोळी आणि न फुटलेला गोळा यांच्यात एक साम्य आहे. सराव करणाऱ्याच्या दृष्टीने काम संपलेले असते आणि त्यानंतर ते दुसऱ्या कोणाच्या तरी आयुष्यात सुरू होते. लष्करी सरावासाठी १९३८ चा कायदा आहे. धोक्याचे क्षेत्र जाहीर करणे, त्यातून माणसे आणि गुरे दूर ठेवणे आणि नुकसान झाल्यास भरपाई देणे या गोष्टी त्यात आहेत. कायदा इंग्रजांच्या काळचा असला, तरी लष्कराच्या सरावामुळे शेजाऱ्याच्या शेतात पाय पडतो आणि त्याचे उत्तरदायित्व सरकारवर येते, हे तत्त्व त्याने मान्य केले आहे. दुर्दैव एवढेच की, ज्याच्या शेताला हे क्षेत्र लागून आहे, त्याला आपले हक्क क्वचितच ठाऊक असतात.

आनंदाचा गोळीबार

चांदमारीला निदान दमदमा असतो. ज्या गोळीबाराला दमदमाच नसतो, त्याचे काय? लग्नाची वरात, निवडणुकीतील विजय, पुढाऱ्याचा वाढदिवस अशा प्रसंगी कमरेचे पिस्तूल काढून आभाळात बार उडवण्याची हौस उत्तरेकडून आपल्याकडे कधी आली हे सांगता येत नाही. ती आली आहे, एवढे खरे. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि त्यानंतर बीड जिल्ह्याकडे साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष वळले. त्या वेळी जिल्ह्यात शस्त्र परवाने हजाराहून अधिक असल्याचे उघड झाले, हवेत गोळीबार करणाऱ्यांच्या चित्रफिती लोकांनी पाहिल्या आणि पुढे तपासणी होऊन अनेक परवाने रद्दही झाले. सतत दुष्काळाशी झुंजणाऱ्या, ऊसतोडीसाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन बाहेर पडणाऱ्या जिल्ह्यात हे शस्त्रवैभव कोठून आले, हा निराळ्या लेखाचा विषय. येथे प्रश्न वर गेलेल्या गोळीचा आहे.

वर गेलेली गोळी आकाशात राहत नाही. ज्युलियन हॅचर या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने पहिल्या महायुद्धानंतर फ्लोरिडामध्ये सरळ वर गोळ्या झाडून त्या किती वेगाने परततात, याचे प्रयोग केले. सरळ उभी झाडलेली रायफलीची गोळीही सेकंदाला सुमारे ९० मीटर, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटर, इतक्या वेगाने खाली येते, असे त्याला आढळले. डोक्याला प्राणघातक इजा करण्यास एवढा वेग पुरेसा आहे. आणि वरातीत नाचणारा माणूस काही ओळंबा धरून गोळी झाडत नाही. त्याचा हात तिरपा असतो. तिरपी गेलेली गोळी याहून अधिक वेग राखून दूरवर उतरते. भरीस भर म्हणून आजूबाजूला पत्र्याचे मांडव, सिमेंटची घरे, विजेचे लोखंडी खांब. चांदमारीवर जे जे टाळायचे, ते सगळे येथे एकत्र केलेले!

कायदा याबाबतीत मुका नाही. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात आनंदोत्सवातील गोळीबाराचा स्पष्ट उल्लेख आला. निष्काळजीपणाने किंवा आनंदोत्सवात गोळीबार करून कोणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कोणी जखमी झालेच पाहिजे अशी अट त्यात नाही. धोका निर्माण करणे हाच गुन्हा. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्याने सुरक्षिततेचे प्रशिक्षण घेतले पाहिजे, असेही म्हटले आहे. प्रश्न आहे तो कागदावरचे प्रमाणपत्र आणि हातातले भान यांच्यातील अंतराचा. परवान्याच्या अर्जाला जोडलेले प्रमाणपत्र जर कोणी दमदम्यासमोर उभे न राहताच मिळवले असेल, तर त्या कागदाने कोणाच्याही गालावरचा लाल डाग टळणार नाही.

बंदी हे उत्तर नव्हे

हे सारे वाचून कोणी म्हणेल, मग बंदुकांचा सरावच बंद करा. हे मत मला मान्य नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीसारख्या लहान गावातून आलेल्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांनी त्याआधीच मराठी मुलींना या खेळाची वाट दाखवली होती. नेमबाजी हा श्वास, दृष्टी आणि मन यांच्या संयमाचा खेळ आहे. आमच्या तालुक्यातील एखाद्या मुलीने उद्या हा खेळ निवडला, तर तिला अडवण्यापेक्षा तिच्यासाठी नीट बांधलेली जागा उभारणे हे आपले काम ठरेल. उत्तम नेमबाज घडतात ते कडक शिस्तीच्या मैदानांवर. ज्या मैदानावर लाल निशाण असताना कुत्रेही पुढे जात नाही, तेथेच मन एकाग्र होऊ शकते. सुरक्षितता ही या खेळातील अडचण नसून त्याचा पाया आहे.

तेव्हा करायचे काय? काही गोष्टी अगदी साध्या आहेत. जिल्ह्यात जेथे जेथे नियमित गोळीबार होतो, मग तो पोलिसांचा असो, छात्रसेनेचा असो वा एखाद्या रायफल क्लबचा, त्या प्रत्येक जागेची यादी आणि तिच्या धोक्याच्या हद्दीचा नकाशा शेजारच्या ग्रामपंचायतीत लावलेला असावा. सरावाच्या आदल्या दिवशी गावात दवंडी पिटावी. आज दवंडीची जागा भोंग्याने वा भ्रमणध्वनीवरील संदेशाने घेतली असली, तरी खबर पोहोचली पाहिजे, हे तत्त्व तेच. दरवर्षी पावसाळा संपल्यावर, सराव सुरू होण्यापूर्वी, दमदम्याची पाहणी त्या जागेशी हितसंबंध नसलेल्या अधिकाऱ्याने करावी आणि तिचा अहवाल लोकांना वाचायला मिळावा. उसळलेली गोळी हद्दीबाहेर गेली पण कोणाला लागली नाही, तर आपण सुटकेचा निश्वास टाकून गप्प बसतो. अशा प्रत्येक घटनेची नोंद व्हावी. जी गोळी आज कोणाला लागली नाही, तिनेच उद्याच्या गोळीचा मार्ग दाखवून दिलेला असतो. आणि जत्रेतील फुगेवाल्याला जागा देताना एवढी एकच अट घालावी की, फळीमागे पत्रा नको, जाड गोणपाटाचा सैल पडदा हवा आणि बाजूला दुकान किंवा गर्दी नको. गोणपाटाला कितीसे पैसे पडतात?

या लेखाच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ असतील. शाळा-महाविद्यालयांतील छात्रसेनेची जबाबदारी त्यांच्यापैकीच कोणीतरी वर्गाचे तास सांभाळून वाहत असतो. मुलांच्या हाती रायफल देण्यापूर्वी दमदम्यापर्यंत चालत जाऊन त्याच्या मातीत हात घालून पाहण्याचा हक्क त्याला आहे आणि खडे लागले तर 'आज सराव होणार नाही' असे म्हणण्याचाही. वरिष्ठ नाराज होतील, कार्यक्रम पुढे जाईल, मुले हिरमुसतील, होऊ द्यावे. पदार्थविज्ञानाच्या तासाला परावर्तनाचा नियम शिकवताना गोळी हा नियम का पाळत नाही, हेही पाच मिनिटांत सांगता येईल. परवान्याची कागदपत्रे ज्या कारकुनाच्या टेबलावरून जातात, त्याने प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राकडे निव्वळ जोडपत्र म्हणून न पाहता ते नीट वाचावे. आणि विद्यार्थ्यांनी वरातीत बार उडवणाऱ्या काकांचे चित्रीकरण करून कौतुकाने पसरवण्याऐवजी त्यांचा हात धरावा. हे धाडस नेमबाजीतील कोणत्याही पदकापेक्षा कमी मोलाचे नाही.

सुटलेला बाण आणि बोललेला शब्द परत घेता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. बाण निदान जेथे लागला तेथे रुतून राहतो. गोळीचे तसे नाही. ती कातळावर आपटून, पत्र्यावर घसरून, आभाळातून वळून कोणाच्या अंगणात उतरेल, याचा भरवसा नाही. तो भरवसा निर्माण करणे माणसाच्या हाती आहे. मात्र ते चाप ओढण्यापूर्वीच, नंतर नव्हे. पुढच्या नवरात्रात तलवाड्याला जाणे झाले, तर देवीचे दर्शन घेऊन मी त्या फुगेवाल्याच्या दुकानापाशी पुन्हा थांबणार आहे आणि फळीमागे काय लावले आहे, ते आधी पाहणार आहे. पत्रा दिसला, तर या खेपेला गप्प बसणार नाही.